चुलीपाशी वहाण नाही

चांगुणाचं, म्हणजे माझ्या पाठच्या बहिणीचं, लग्न झालं ते साल त्र्याऐंशी. वैशाखात लग्न लागलं आणि त्याच वर्षीच्या मार्गशीर्षात मी तिच्या नवऱ्याला घेऊन हिमालयात गेलो.

पहिल्या मुक्कामाला कुंदनसिंग बूट घालून स्वयंपाकाच्या तंबूत शिरला आणि मी हातातला डाव उगारला.

"बाहेर! बूट बाहेर!"

कुंदनसिंग तिकडचा, गढवालचा वाटाड्या. पन्नाशीचा, बुटका, मिशा पिकलेल्या. त्याला मराठी येत नव्हती, पण डाव कळला. तो मागे सरला, तंबूच्या तोंडाशी बसून त्याने बूट काढले आणि काखेत मारून पुन्हा आत आला.

"काखेतही नको," मी म्हणालो. "चुलीपाशी वहाण नाही."

तो हिंदीत समजावू लागला. इथे थंडीत बूट उघड्यावर ठेवत नाहीत. रात्री पिशवीत घालून अंथरुणात घ्यायचे, म्हणजे सकाळी नरम राहतात.

दाजी पोटात गुडघे घेऊन कोपऱ्यात बसले होते. ते हसायला लागले.

"ऐकलंत का दादा? वहाणा कुशीत घेऊन निजायचं म्हणतोय. घरी कळलं तर चांगुणा मला गोठ्यात निजवील."

"देश तसा वेश असेल," मी म्हणालो, "पण हा तंबू आपला आहे."

कुंदनसिंगने माझ्याकडे पाहिलं, बूट उचलले आणि आपल्या तंबूत निघून गेला. मला वाटलं, मी जिंकलो.

मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो आणि मला सगळं येत होतं. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण त्याची कधी गरज पडली नव्हती. आमची वाडी अकोले तालुक्यात, गडाच्या पोटात. नाशिकचे देवस्थळी सर दर हिवाळ्यात मुलंमाणसं घेऊन गडावर यायचे. त्यांना वाट मी दाखवायचो आणि भाकरीही मीच घालायचो. माझ्या हातचं पिठलं खाऊन सर म्हणायचे, "धावजी, तुला एकदा हिमालयात नेणार." मला वाटायचं, पोट भरल्यावर माणूस बोलतो तसं बोलतात. पण त्या साली त्यांनी खरंच पत्र पाठवलं. भर थंडीत, सात दिवस पायी, चौदा हजार फुटांवरच्या एका तळ्याला जायचं होतं. तिकडे त्याला वरचा ताल म्हणत. हिवाळ्यात ते सगळं गोठतं आणि त्यावरून चालता येतं. सरांबरोबर पाच जण होते. स्वयंपाकाला मी, आणि ओझ्याला आणखी एक दणकट माणूस हवा होता.

मी म्हणालो, "आमचे जावई येतील."

दाजींचं नाव बुधाजी. वय चोवीस. ते मध काढायचे. आमच्याकडे कड्याला आग्या मोहोळ लागतं. वरून दोर सोडून, धूर करून, अधांतरी लोंबकळत ते कापायचं. दहा गावांत हे काम करणारे तिघेच होते आणि त्यांतले दाजी सगळ्यांत लहान. त्यांचे पाय बघण्यासारखे होते. बोटं हाताच्या बोटांसारखी सुटी, खडकाची चीर चिमटीत धरायची. त्याच पायांवर त्यांचं घर चालत होतं.

निघायच्या दिवशी चांगुणा त्यांच्या वाडीच्या वेशीपर्यंत आली होती. मला बाजूला घेऊन म्हणाली, "दादा, जसे नेतोस तसे आणून दे."

"आणि नाही आणले तर?"

"तर तूच ठेवून घे. अर्धामुर्धा नवरा मला नको."

दोघंही हसलो.

जावयाला बरोबर नेण्यात एक अडचण होती. आमच्यात जावई म्हणजे मानाचा. मी त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठा, पण मी त्यांना अहोजाहो करायचो आणि खरकटी भांडी त्यांच्या हाताला लागू द्यायचो नाही. तीस किलोचं ओझं ते दिवसभर वाहायचे. संध्याकाळी मात्र मी त्यांना पाटाऐवजी पोतं घालून बसवायचो आणि पहिलं ताट त्यांना वाढायचो. देवस्थळी सर हे बघून म्हणायचे, "धावजी, मोहिमेचा नेता कोण आहे रे?"

"सर, नेते तुम्ही. पण जावई हे आहेत."

पहिल्या रात्री बूट बाहेर राहिले, काही झालं नाही. दुसऱ्या रात्रीही बाहेर राहिले. सकाळी जरा कडक झाले होते. दगडावर आपटले, चोळले, पायात गेले. सर स्वतः माझ्या तंबूशी येऊन म्हणाले, "बूट आत घे रे बाबा. कुंदनसिंग चिडलाय."

"सर, तुमच्या तंबूत तुमचं चालू द्या. इथे अन्न शिजतं."

सर मला बरीच वर्षं ओळखत होते. त्यांनी हात झटकले आणि गेले.

तिसऱ्या दिवशी झाडं संपली. त्यानंतर नुसतं बर्फ. आम्ही दोघांनी जन्मात पाहिलं नव्हतं. दाजींनी मूठभर उचलून तोंडात टाकलं आणि म्हणाले, "मिठासारखं दिसतं, चव काहीच नाही. एवढ्या वर येऊन फसवणूक." कुंदनसिंग पुढे काठी ठोकत चालायचा. आवाज बदलला की थांबायचा. दुपारी एक ओढा आडवा आला. वरून गोठलेला, खालून वाहता. कुंदनसिंगने काठीने दाखवलं, इथून या. सगळे तिथून गेले. दाजींना तो वळसा वाटला. त्यांनी दोन हात वरून, सरळ पाऊल टाकलं आणि घोट्याच्या वर आत गेले.

ओझ्यासकट स्वतःच उडी मारून बाहेर आले. हसत होते. "गार आहे हो!"

कुंदनसिंग काहीतरी तिखट बोलला. मुक्काम अर्ध्या तासावर होता, तिथे जाऊन सुकवू असं ठरलं. मुक्कामाला पोचेपर्यंत ऊन गेलं होतं. ते बूट सरांच्या गिर्यारोहण क्लबने जुन्या बाजारातून घेतलेले, पलटणीचे, जाड चामड्याचे. पाणी प्याले की सुटता सुटत नाही. दाजींनी ते काढले, मोजे पिळले आणि तंबूच्या तोंडाशी उभे राहिले.

"दादा."

"काय?"

"आज बूट आत घेऊ का? ओले आहेत."

मी डाळीला फोडणी देत होतो. मागे वळूनही पाहिलं नाही.

"कुठे आत? चुलीशी?"

"कोपऱ्यात ठेवतो. खाली पोतं घालून."

"दाजी, आईने बघितलं असतं तर काय म्हणाली असती?"

माझी आई आदल्या साली गेली होती. दाजींनी तिला एकदाच पाहिलं होतं, पण मी तिचं नाव काढलं की ते पुढे बोलत नसत. त्यांनी बूट बाहेर ठेवले. मी नंतर जाऊन त्यांवर रिकामं पोतं टाकलं. दव लागू नये म्हणून. आमच्याकडे दव पडतं, त्यापलीकडे मला थंडी माहीत नव्हती.

सकाळी पोतं उचललं तर ते बुटांसकट उचललं गेलं. बूट दगडासारखे. एकमेकांवर आपटले तर ठक्क वाजले. दाजी अर्धा तास त्यांच्याशी झटत होते. शेवटी टाचेवर बुक्के मारून पाय आत घातला.

"जातो का पाय?" मी विचारलं.

"गेला."

"दुखतंय?"

"चाललं की बसेल."

त्यांनी चेहरा वाकडा केला नाही. बायकोच्या मोठ्या भावासमोर कसा करणार? आणि मी पुन्हा विचारलं नाही. कारण पुन्हा विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

त्या दिवशी ओझी मुक्कामावर ठेवून फक्त तालापर्यंत जायचं होतं. अडीच तासांचा चढ. पहिला तासभर दाजी मागे पडत होते. मग त्यांनी वेग धरला, आणि शेवटच्या चढाला तर ते सरांच्याही पुढे होते.

ताल दिसला तेव्हा सगळे जागीच थांबले. सभोवार डोंगर, आणि मध्ये सपाट पांढरं पठार. वाऱ्याने काही ठिकाणचं बर्फ झाडून नेलं होतं, तिथे खालचं काळंनिळं पाणी काचेतून दिसावं तसं दिसत होतं. मधूनच तळ्याच्या पोटातून आवाज यायचा. लांब कुठेतरी मोठा पाट ओढावा, तसा. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी हात जोडले. एवढं पाणी मी जन्मात एका जागी पाहिलं नव्हतं, आणि ते सगळं थांबलेलं.

दाजी सरळ आत चालत गेले आणि तळ्याच्या मध्यावर फुगडीसारखी गिरकी घेतली. बाकीचे ओरडले, टाळ्या वाजवल्या. ते परत आले, धापा टाकत, दाढीवर बर्फ.

"दादा, चांगुणाला सांगा हं, तुझा नवरा पाण्यावर नाचला!"

"पायांचं काय?"

"पाय? मजेत. सकाळी फार चावत होते. आता कधीचं दुखायचं थांबलं."

माझा जीव भांड्यात पडला. मी मोठ्याने म्हणालो, "सांगितलं नव्हतं? चालल्यावर बसतात बूट!"

कुंदनसिंग चार पावलांवर विडी पेटवत होता. त्याला काय बोललो ते कळलं नसावं, म्हणून त्याने सरांना विचारलं. सरांनी हिंदीत सांगितलं, याचे पाय दुखायचे थांबले. त्याने विडी टाकून दिली.

"कब से?"

दाजी म्हणाले, "होऊन गेला तासभर. जास्तच."

त्याने दाजींना खांद्याला धरून खाली बसवलं. चाकूने नाडी कापली. बूट निघेना, तर चामडं चिरलं. मोजा निघाला तो टोपीसारखा उभाच राहिला. आतला पाय पाहून मला वाटलं, हा पाय कोणाचा? बोटं मेणासारखी पांढरी होती. कुंदनसिंगने अंगठ्यावर नखाने टिचकी मारली. लाकडावर मारल्यासारखा आवाज आला.

"लागलं?" मी विचारलं.

दाजी आपल्याच पायाकडे बघत होते. "काय लागलं?"

कुंदनसिंगने स्वतःच्या पिशवीतून लोकरी मोजे काढून चढवले, वर आपलं पांघरूण गुंडाळलं आणि मला म्हणाला, उचल. मी वाकलो.

"नाही नाही," दाजी म्हणाले. "मी चालतो. सासरच्या माणसाने जावई पाठुंगळी घेतला तर वाडी वर्षभर हसेल."

"हसू दे. बसा."

"दादा, ऐका..."

"बसतोस का नाही!"

पहिल्यांदाच मी त्यांना अरे म्हणालो. ते मुकाट्याने बसले. मग आळीपाळीने, थोडं मी, थोडं कुंदनसिंग, असे उतरलो. माझ्या पाठीवर असताना ते एकदाच बोलले. कानाशी, हळू.

"दादा, कड्यावर बोटंच लागतात हो."

मी म्हणालो, "माहीत आहे."

तंबूत आणल्याबरोबर मी स्टोव्हला पंप मारला. मोठी ज्योत केली आणि त्यांचे पाय धरून जवळ नेऊ लागलो. आमच्याकडे गारठलेल्याला शेकोटीशीच नेतात. तेवढ्यात कुंदनसिंग बुटांसकट आत आला आणि त्याने स्टोव्ह लाथेने उडवला. डाळीचं पातेलं कलंडलं.

"आग नहीं! जल जाएगा, पता भी नहीं चलेगा!"

मग त्याने आपला सदरा वर केला, पोटावर हात आपटला आणि दाजींच्या पायांकडे बोट दाखवलं. समजलं. अंगाची ऊब. तीही पोटाची. तो स्वतःच बसायला लागला, तर मी त्याला बाजूला सारलं. सदरा काढला, दाजींच्या समोर आडवा झालो आणि म्हणालो, "ठेवा पाय."

दाजींनी पाय ओढून घेतले.

"काहीतरीच काय! मोठे आहात तुम्ही."

"ठेवा म्हणतो ना."

"मोठ्या भावाच्या उघड्या पोटावर पाय? नरकातही जागा मिळायची नाही मला."

"लग्नात हे पाय कोणी धुतले?"

आमचे वडील लवकर गेले, म्हणून चांगुणाचं कन्यादान मी केलं होतं. मांडवात पाटावर बसून, तांब्याच्या ताम्हनात मीच त्यांचे पाय धुतले होते.

"तेव्हा पाटावर बसून आरामात धुऊन घेतलेत. आता कशाला लाजता? लोक एकमेकांच्या पोटावर पाय देतात, त्यांना कोणी विचारत नाही. तुम्ही तर माझ्या सांगण्यावरून देताय."

त्यांना हसू आलं. त्या हसण्यात मी पाय ओढले आणि पोटावर घेतले.

ते गार नव्हते. गार हा शब्द लहान आहे. माझा श्वास अडकला. पोट आत गेलं ते बाहेर यायला तयार होईना. कुंदनसिंगने वरून आम्हा दोघांवर होती नव्हती ती पांघरुणं टाकली. सर गरम पाणी पाजत होते. तासभर काहीच झालं नाही. मग दाजींची मांडी थरथरली.

"दादा."

"काय?"

"आलं. दुखणं आलं."

आणि ते ओरडायला लागले. कड्यावर माश्या डसल्या तरी तोंडातून अवाक्षर न काढणारा माणूस, आईच्या नावाने ओरडत होता. मी आनंदाने रडत होतो. कुंदनसिंग माझ्या पाठीवर थापा मारत होता, "अच्छा है, चिल्लाने दो!"

संध्याकाळपर्यंत उजवा पाय सगळा लाल झाला. डाव्याची तीन बोटं लाल झाली. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट निळं राहिलं.

कुंदनसिंग बाहेर गेला. माझे बूट उचलून आत आणले आणि माझ्या उशाशी ठेवले. मी ते तिथेच राहू दिले.

पुढे तीन दिवस उतरणीचे. एक दिवस पाठीवर, दोन दिवस खेचरावर. खालच्या शहरातल्या डॉक्टरांनी पाहिलं, अठरा दिवस ठेवून घेतलं आणि ती दोन बोटं काढली. सर शेवटपर्यंत आमच्याबरोबर राहिले.

परतीच्या वाटेवर, अकोल्याच्या एस.टी.त, दाजी कुबडी मांडीवर घेऊन बसले होते. मला म्हणाले, "घरी मी बोलणार. तुम्ही मध्ये तोंड घालायचं नाही."

"काय बोलणार?"

"बूट ओले झाले, मी बाहेर विसरलो. तुम्ही दहादा सांगितलं होतं, आत घ्या. मी ऐकलं नाही."

"आणि असं का?"

"चांगुणाला आईबाप नाहीत. तुमचं घर तेवढं माहेर आहे. ते तिला राहिलं पाहिजे. बोटं काय, गेली ती गेली."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. त्यांनी दोन वेळा माझ्याकडून ते वदवून घेतलं. कोण विसरलं? तुम्ही. कोणी सांगितलं होतं? मी. पाठ झालं.

चांगुणा अंगणातच होती. तिने आधी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग कुबडीकडे, मग पायाकडे. खाली बसली, फडकं सोडलं आणि बोटं मोजल्यासारखा हात फिरवला. आजूबाजूच्या बाया जमल्या. दाजींनी ठरल्याप्रमाणे सगळं सांगितलं. छान सांगितलं. माझ्या पोटाचं तर इतकं रंगवून सांगितलं की बायांनी पदर डोळ्यांना लावले.

चांगुणा उठली, माझ्यासमोर आली आणि वाकली. माझ्या पायांवर डोकं ठेवायला.

"दादा, तू होतास म्हणून एवढे तरी..."

मी तिला खांद्याला धरून मध्येच उभं केलं.

"पाया पडू नकोस. हे मला विचारत होते, ओले बूट आत घेऊ का. मी नाही म्हणालो. मी बाहेर ठेवायला लावले."

दाजींनी कपाळावर हात मारला. "झालं! सगळा रस्ता शिकवत आलो होतो!"

कोणी हसलं नाही.

"कशाला बाहेर?" चांगुणाने विचारलं.

"चुलीपाशी वहाण नको म्हणून."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग शांतपणे म्हणाली, "तिथे चूल कुठे होती, दादा? रॉकेलचा स्टोव्ह होता ना?"

तिने मला चहा दिला. पाहुण्याला देतात तसा, बशीत कप ठेवून. त्यानंतर ती माझ्याशी सहा वर्षं बोलली नाही.

दाजी पुन्हा दोरावर गेले नाहीत. एकदा गेले, वीस हात उतरले आणि वर ओढून घ्या म्हणाले. अंगठा नसला की खडकावर तोल राहत नाही. मग त्यांनी सातेरी माश्या खोक्यांत पाळायला घेतल्या. पहिली दोन वर्षं माश्या उडून जायच्या. तिसऱ्या वर्षी टिकल्या. पुढे पुढे तर लोक कड्यावरच्या मधाऐवजी दाजींचा मध मागायला लागले.

दर दिवाळीला मी चांगुणाला आणायला मुराळी म्हणून जायचो. ती घरातून बाहेर यायची नाही. दाजी डोक्याला टोपी घालून बाहेर यायचे.

"चला. मी येतो."

"तुम्ही? भाऊबीजेला?"

"मग मुराळी काय मोकळा जाणार?"

आणि लंगडत, दोन डोंगर ओलांडून, खरंच यायचे. माझ्या घरी पाटावर बसायचे, माझ्या बायकोच्या हातचं खायचे आणि बाजारात मला बरोबर नेऊन चांगुणासाठी साडी घ्यायला लावायचे. ती ती नेसते की नाही, मी विचारत नसे, ते सांगत नसत.

सातव्या वर्षी मी गेलो तेव्हा ती अंगणात गाठोडं बांधून उभी होती.

"निघायचं ना?" ती म्हणाली.

दाजी मागे दारात उभे होते, मिशीत हसत.

"यंदा मीच येते," ती म्हणाली. "साडी मी निवडणार. सहा वर्षं यांनी निवडल्या, सगळ्या हिरव्या. एक तरी शेजारणीला देण्यासारखी आहे का?"

दोन डोंगर ती पुढे चालली आणि मी मागे. मधल्या खिंडीत बसलो तेव्हा म्हणाली, "तू त्या दिवशी बोलला नसतास ना दादा, तर मी तुझ्या पाया पडले असते. जन्मभर पडत राहिले असते." मग गाठोडं उचललं. "बरं झालं बोललास. पण राग यायचा तो येतोच."

"आला तो आला," मी म्हणालो.

तिने त्या वर्षी मला ओवाळलं आणि नंतर दर वर्षी ओवाळलं.

कुंदनसिंग पंच्याण्णव साली वारला, हे सरांच्या पत्रातून कळलं. ते पत्र मी स्वतः वाचलं. तोवर मला वाचता यायला लागलं होतं. देवस्थळी सर दोन हजार नऊच्या श्रावणात गेले.

आमचे दाजी, बुधाजी, दोन हजार सोळा सालच्या माघात, मंगळवारी सकाळी वारले. तीन दिवस ताप होता. वय सत्तावन्न. चौघांनी उचललं त्यांत पुढे मी होतो.